वजन उचलण्याआधी ठेवायची जागा पाहा

घरात वजनाचा व्यायाम सुरू करायचे ठरले की सगळ्यात आधी रिकामी जागा शोधली जाते. बाल्कनीत कुंड्यांशिवाय काही नाही, गच्चीवर कोणी फिरकत नाही, आतल्या लहान खोलीत जादा गाद्या आणि एक जुने कपाट सोडले तर आहे काय? अशा उरलेल्या जागेत मग चटई अंथरली जाते, बेंच येतो, रॉड आणि प्लेटा येतात आणि घरात ‘जिम’ झाली असे आपण म्हणू लागतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत बंद झालेल्या व्यायामशाळा महाराष्ट्रात उघडल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२० रोजी. त्या सात महिन्यांत ज्यांनी घरी वजने आणली त्यांना दुसरे काही सुचायला सवडच नव्हती. आता ती आहे, आणि म्हणून हा क्रम उलटा आहे हे सांगायला हवे. खोली रिकामी किती, हा नंतरचा प्रश्न. हातातले वजन खाली येईल तेव्हा ते कशावर येईल आणि त्याच्या खाली कोण राहते, हा पहिला. हा निकष लावला की बहुतेक शहरी घरांत बाल्कनी आणि गच्ची पहिल्याच फेरीत बाद होतात, आणि जी जागा व्यायामाला द्यायची कल्पनाही कोणी करत नाही, तो हॉल पुढे येतो.

आपल्याकडच्या तालमींना हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्या जमिनीवर होत्या. कोल्हापूरची मोतीबाग किंवा गंगावेश तालीम घ्या, नाहीतर १९१४ साली अमरावतीत सुरू झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ घ्या. हौद्यातली लाल माती पडणाऱ्या अंगाला झेलते, मल्लखांब जमिनीत पुरलेला असतो, गदा आणि मुद्गल ठेवायचे ते भुईवर. जमिनीच्या खाली शेजारी नसतो. व्यायाम तिथून निघून चौथ्या, अकराव्या, बाविसाव्या मजल्यावर गेला तेव्हा साधने बदलली, कपडे बदलले, संगीतसुद्धा आले. पायाखाली माती नसून पाच-सहा इंचांचा स्लॅब आहे आणि त्या स्लॅबचा खालचा भाग म्हणजे दुसऱ्याचे छत आहे, याचा विचार मात्र मागे राहिला.

विचार होतो तेव्हा तो भलत्याच टोकाने होतो. ‘स्लॅब कोसळेल’ ही भीती घरातल्या वडीलधाऱ्यांना हमखास वाटते, आणि ती बव्हंशी अनाठायी आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार (१९८७) राहत्या घरातल्या खोल्या चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका वापराचा भार धरून आखायच्या असतात. दहा बाय बारा फुटांची खोली सव्वाअकरा चौरस मीटरच्या आतबाहेर भरते; म्हणजे तिच्या हिशेबात सव्वादोन टन आधीच धरलेले आहेत. त्यापुढे घरगुती साधनांचे वजन काढा. स्टँड ६० किलो, बेंच २०, रॉड २०, प्लेटा १००, आणि उचलणारा माणूस ७५. सगळे मिळून पावणेतीनशे किलो. कपड्यांनी खच्चून भरलेली दोन लोखंडी कपाटे आणि पलंगावर बसलेली चार माणसे यांची बेरीज याहून कमी येणार नाही, आणि त्यांना पाहून कोणी इंजिनिअर बोलावत नाही. अर्थात हा हिशेब धडधाकट काँक्रीटच्या इमारतीचा आहे. पुण्यातल्या जुन्या वाड्याची माडी किंवा गिरगावातल्या चाळीचा लाकडी तुळयांवरचा मजला या हिशेबात बसत नाही. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली संरचनेची तपासणी करून घ्यावी लागते. तो अहवाल सोसायटीच्या कपाटात पडून असतो आणि वजने विकत घेण्याआधी तो मागून वाचणे अगदी फुकट आहे. छताचे पोपडे सुटून सळ्या दिसू लागल्या असतील तर मात्र अहवालाचीही वाट पाहू नये.

खरी अडचण ठेवलेल्या वजनाची नाही, पडलेल्या वजनाची आहे. शंभर किलोचा भरलेला रॉड अर्ध्या मीटरवरून, म्हणजे साधारण गुडघ्याच्या उंचीवरून, सुटला आणि कडक फरशीवर एका सेंटिमीटरच्या आत थांबला, तर थांबवणारा सरासरी जोर त्या वजनाच्या पन्नास पट, पाच टनांच्या घरात जातो. तोच रॉड मऊ थरावर पाच सेंटिमीटर दबत थांबला तर जोर एक टनाच्या थोडा वर राहतो. हा जोर क्षणभराचाच असल्यामुळे इमारत काही पडत नाही, पण तो क्षण फरशीला पुरतो. आजच्या गुळगुळीत विट्रिफाइड टाइलखाली माल सगळीकडे सारखा बसलेला नसतो. नाण्याने टकटक केली की कुठे भरीव, कुठे पोकळ आवाज येतो, आणि पोकळ आवाजाच्या जागी टाइल तडकते. जुन्या घरातली जाड शहाबादी फरशी या बाबतीत जास्त सोसते. म्हणून खोली ठरवण्याआधी नाणे घेऊन अर्धा तास गुडघ्यांवर फिरणे हे कुठल्याही मापपट्टीपेक्षा उपयोगी. मुलांच्या खोलीत घालतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या रंगीत चौकोनांवर मात्र विसंबू नये. भरल्या रॉडखाली ते चपटे होतात आणि स्क्वॉटला पाय डळमळतो. खाली प्लायवूड, वर पंधरा-वीस मिलिमीटरचे घट्ट रबर, हा थर ओबडधोबड दिसतो, पण जोर पसरवण्याचे काम करतो.

फरशी आपली असते, तडकली तर आपण बदलू. आवाज दुसऱ्याचा होतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती मुख्यतः हवेतून येणाऱ्या आवाजासाठी कामाची. वजनाचा आवाज हवेतून जात नाही, तो काँक्रीटमधून जातो. रबराने ‘खण्ण’ जाते, ‘धप्प’ जात नाही. वरचा कर्कश भाग चटई गिळते, खालचा जड दणका स्लॅबमधून बीममध्ये, बीममधून भिंतीत आणि तिथून खालच्याच्या उशाशी पोचतो. अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंतीसकट अखंड ओतलेल्या नव्या टॉवरांत, ज्यांना बांधकामवाले ‘मिव्हान’ म्हणतात, हा प्रवास आणखी बिनबोभाट होतो, कारण मध्ये विटेचा सांधाच नाही. ‘त्यांचा मिक्सर चालतो, त्यांची मुले पळतात, ते आम्ही ऐकतोच की’ असा युक्तिवाद सोसायटीच्या प्रत्येक सभेत होतो. तो टिकत नाही. मिक्सर कधी थांबणार याचा अंदाज बांधता येतो. दणका कधी येईल याची वाट पाहत पडून राहणे हा वेगळाच छळ आहे.

इथेच हॉलची बाजू भक्कम होते. फ्लॅटच्या इमारतीत मजले एकावर एक सारखेच रचलेले असतात. आपल्या झोपायच्या खोलीखाली त्यांची झोपायची खोली असते, हॉलखाली हॉल. व्यायाम बहुतेक जण पहाटे साडेपाच-सहाला किंवा कामावरून आल्यावर रात्री नऊनंतर करतात, म्हणजे नेमका खालच्यांच्या झोपेच्या कडेला. आतल्या ‘रिकाम्या’ खोलीतला प्रत्येक रॉड कोणाच्या तरी पलंगावर उतरतो. हॉलमधला रिकाम्या सोफ्यावर. एक-बेडरूमच्या घरात खालचे आजी-आजोबा हॉलमध्येच झोपत असतील तर हे गणित उलटते, हे खरे. पण त्यासाठी खाली जाऊन दार वाजवून विचारावे लागते, आणि या निवडीत सगळ्यात कमी वापरले जाणारे साधन तेच आहे. शिवाय खोली कुठलीही असो, जागा मधली घेऊ नये. स्लॅब मध्यभागी सर्वांत जास्त थरथरतो. कॉलमच्या कोपऱ्याशी आणि बीमच्या रेषेवर तो सर्वांत ताठ असतो. वजने ठेवण्याचा स्टँड आणि रॉड खाली टेकवण्याची जागा त्या कोपऱ्यात नेली तर फरक खालच्या घरात जाणवतो.

बाल्कनीला हवा असते, हा तिच्या बाजूचा एकमेव मुद्दा. कागदावर तर ती खोलीपेक्षा दणकट आहे. त्याच मानकात राहत्या घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरायला सांगितले आहे. पण ती एका बाजूनेच धरलेली, पुढे झुकलेली असते. तिची मुख्य सळई वरच्या अंगाला, फरशीच्या लगेच खाली असते, आणि पावसाचे पाणी मुरते तेही तिथूनच. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गावांत ती सळई किती उरली आहे हे फरशी उचकटल्याशिवाय कोणाला कळत नाही. तिथे वर्षानुवर्षे दणके देणे म्हणजे विषाची परीक्षा. रुंदीचे म्हणाल तर चार फुटांत माणूस बेंचवर झोपू शकतो, पण रॉड आडवा धरला की एक टोक कठड्याबाहेर जाते. गच्चीची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. मोकळी, प्रशस्त, मजबूत अशी वाटणारी गच्ची राहत्या खोलीपेक्षा कमी भारासाठी आखलेली असते: जाण्यायेण्याची सोय असलेल्या छताला १.५ किलोन्यूटन, सोय नसेल तर त्याच्या निम्मे. त्याशिवाय वर ब्रिकबॅट कोब्याचा थर असतो. त्याला एक केसाएवढी चीर पडली की जूनमध्ये वरच्या मजल्यावरच्या सभासदाच्या छतावर ओल येते, आणि गळती कोणामुळे यावर पुढची तीन वर्षे पत्रव्यवहार चालतो. गच्ची सगळ्यांची असते हे तर सोडूनच द्या.

खोली आत ठरली की मापांकडे वळावे. ऑलिंपिक मापाचा पुरुषांचा रॉड २.२ मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वासात फूट लांब असतो; महिलांचा सुमारे दोन मीटर. दोन्ही टोकांना प्लेटा सरकवायला दीड-दीड फूट तरी हवे, म्हणून दहा फुटांहून अरुंद खोलीत हा रॉड आणूच नये. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरातली दुसरी खोली किमान २.१ मीटर रुंद असली तरी चालते. म्हणजे कायद्याने पूर्ण वैध अशा खोलीत रॉड आडवा मावणारच नाही, आणि ज्या लहान खोलीला आपण ‘जिमची खोली’ म्हणून आधी बोट दाखवतो ती बहुधा हीच असते. पाच फुटी रॉड मिळतात, डंबेल मिळतात. खोलीला साजेसे साधन घ्यावे. उंचीबाबत मात्र आपल्याकडे एक धोका असा आहे की परदेशी व्हिडिओ पाहून व्यायाम शिकणाऱ्याला तो दिसतच नाही: छताचा पंखा. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाने उभे राहून रॉड डोक्यावर नेला तर रॉड सात फुटांच्या आसपास जातो, आणि पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाची मोठी प्लेट असेल तर तिचा वरचा काठ पावणेआठ फुटांवर. पंख्याची पाती आठ-साडेआठ फुटांवर फिरत असतात. हात जरा हलला की काय होईल ते लिहायला नको. एक तर डोक्यावरचे व्यायाम बसून करावेत किंवा त्या खोलीत भिंतीवरचा पंखा लावावा. आणि भिंत म्हटली की ती कशाची आहे हेही पाहावे. चार इंची विटेची किंवा सिपोरेक्सची आडभिंत फोटो आणि घड्याळ सांभाळते. लोंबकळणारा माणूस सांभाळणारा बार तिच्यात ठोकू नये. बोल्ट काँक्रीटच्या कॉलममध्येच जावा, तोही बिल्डरच्या आणि सोसायटीच्या परवानगीने.

हवेबद्दल थोडक्यात. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत असलेली खोली नागपूर-चंद्रपुरात एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊलाही तापलेलीच असते, कारण दिवसभर उन्हात भाजलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो. तिथे पहाट सोडून दुसरी वेळ नाही. कोकणपट्टीत उलट, ओल हा शत्रू. पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या रॉडच्या खाचांत गंज धरतो आणि तळहात सोलतो. दोन समोरासमोरच्या खिडक्या हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोही हॉलमध्येच असण्याची शक्यता जास्त.

हॉलवर आक्षेप येतो तो संरचनेचा नाही, प्रतिष्ठेचा. पाहुणे काय म्हणतील? सोफ्याशेजारी प्लेटा कशा दिसतील? या आक्षेपाला मी हलके लेखत नाही; हॉल हे घराचे तोंड असते आणि त्यावरून घरात खरोखर भांडणे होतात. पण त्याच हॉलमध्ये वर्षातून दोनदा बसायचा डायनिंग टेबल आणि कधी न उघडणारे काचेचे शोकेस चालते, मग घडी घालून भिंतीला लागणारा बेंच का चालू नये? त्याहून महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. बेंचवर झोपून रॉड उचलताना तो छातीवर अडकणे हा एकट्याने व्यायाम करणाऱ्याचा सर्वांत गंभीर धोका. म्हणून दोन्ही बाजूंना आडवे आधार असलेला स्टँड हवा, आणि हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर कोणी तरी हवे. आतल्या खोलीचे दार लावून, कानात गाणी घालून व्यायाम करणारा या दोन्ही गोष्टींना मुकतो. हॉलमध्ये स्वयंपाकघर दहा पावलांवर असते. लहान मुले असतील तर मात्र प्लेटा जमिनीलगत, रचून न ठेवता, अडकवून ठेवाव्या लागतील. हा हॉलचा खरा तोटा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, एवढी उठाठेव कशाला, जिममध्येच जावे. ज्याला दीडशे-दोनशे किलो उचलायचे आहेत, स्पर्धेत उतरायचे आहे, त्याने जावेच. त्याच्यासाठी तिसऱ्या मजल्यावरचे घर कधीच योग्य नव्हते. पण प्रश्न त्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकद दोन्ही साधणारा व्यायाम तीन दिवस. हे ज्यांना लागू आहे त्यांत घरातल्या लहानग्यांना सोडून कुठेही न जाऊ शकणारी आई आहे, गुडघे दुखणारे निवृत्त काका आहेत, दोन तास लोकलमध्ये घालवणारा कारकून आहे. त्यांना भारी वजनाची गरजही नाही. हलके वजन थकवा येईपर्यंत उचलले तर स्नायूंची वाढ जवळपास भारी वजनाइतकीच होते, हे आतापर्यंतच्या अभ्यासांतून पुढे आलेले आहे. निव्वळ ताकद वाढवायची तर भारी वजन सरस, एवढाच फरक. म्हणजे चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही वगळायचे कारण नाही. तिथे खोली निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कोपरा निवडायचा असतो, आणि साधन तर दोन डंबेल आणि आपल्या जुन्या जोर-बैठका. डंबेल खाली ठेवताना हातातच असावे, सोडू नये, एवढी शिस्त पाळली की वर सांगितलेल्या पाच टनांचा प्रश्न तिथे येतच नाही.

उरतो तो इमारतीचा तळमजला, आणि माझ्या मते वजनाच्या व्यायामाची सर्वांत योग्य खोली घरात नसून तिथे आहे. सोसायटीच्या कार्यालयामागची अडगळ, बंद पडलेली पंपाची जुनी खोली, वापराविना पडलेले मनोरंजनगृह: खाली जमीन, वर पार्किंग किंवा मोकळा मजला, आणि खर्च चाळीस घरांत वाटलेला. याला विरोध ठरलेला असतो: किल्ली कोणाकडे, वीजबिल कोणाचे, बाहेरची मुले आली तर, बायकांना वेळ कोणती. हे प्रश्न खरे आहेत, पण ते व्यवस्थापनाचे आहेत, आणि गणपतीचा मांडव, पाण्याचा टँकर, पार्किंगची सोडत हे सगळे जमवणाऱ्या समितीला ते न जमण्यासारखे नाहीत. मुंबईच्या विकास नियमावलीत इमारतीत फिटनेस सेंटरला चटईक्षेत्रात न धरता जागा देण्याची तरतूदही आहे. पुनर्विकासाच्या माहितीपत्रकांत ते सेंटर काचेच्या भिंतींचे, वरच्या कुठल्या तरी मजल्यावर, समुद्राच्या दृश्यासह रंगवलेले दिसते. आराखडा मंजुरीला जाण्याआधी जी सर्वसाधारण सभा होते, तिथे सभासद पार्किंग आणि कार्पेट एरियावर तासन्‌तास बोलतात. त्यातली पाच मिनिटे ते सेंटर कितव्या मजल्यावर आहे आणि त्याच्या खाली कोणाचे बेडरूम येते, हे विचारायला द्यावीत. उत्तर बिल्डरच्या आर्किटेक्टकडून लेखी घ्यावे.